खण उघडेना

टेबल पुढच्या खोलीत येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि एक दिवस लेक म्हणाली, आई खण उघडत नाहीये. मी आतूनच ओरडले, जोरात ओढ. तिने ओढला, मूठ हातात आली, खण जागच्या जागी. आत तिचा कंपास, दोन वह्या आणि कसलं तरी ओळखपत्र, जे नेमकं दुसऱ्या दिवशी लागणार होतं.

आता हा खण म्हणजे माझा अभिमान होता हे आधी सांगते. तो बसवला तेव्हा इतका नेटका बसला होता की आत ढकलला की हवा दाबली जाऊन फुस्स असा आवाज यायचा. मी तो आवाज येईल त्या जाईल त्याला ऐकवला होता. नवऱ्याने तर तिसऱ्या वेळी "हो, ऐकला" असं खण ढकलायच्या आधीच सांगितलं. तर तोच खण आता सिमेंट भरल्यासारखा बसला होता आणि मी टेबलाच्या मागच्या बाजूला जमिनीवर आडवी पडून मागून लाकडी ठोकळ्याने ठोकत होते.

थोडं मागे जाते, नाहीतर वाटेल की मला सुतारकाम येतं.

सुरुवात झाली ती हत्यारं जमवण्यापासून. पहिलं वर्ष दीड वर्ष मी काहीही बनवलं नाही, फक्त वस्तू आणल्या. ड्रिल आणलं, जिगसॉ आणली, सहा पटाशांचा सेट आणला जो प्लास्टिकच्या देखण्या डब्यात होता (डबा अजून चांगला आहे), लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प आणले, मग अजून क्लॅम्प आणले. जिगसॉने फळी कापली की काप वरून सरळ दिसायचा आणि खालून तिरका, कारण जाड लाकडात ते बारीक पातं वाकतं, पण हे तेव्हा माहीत नव्हतं म्हणून मला वाटलं मशीनच वाईट आहे. मग एक जुना रंधा मिळाला. लोखंडी, गंजलेला, ४ नंबरचा. या रंध्यांना नंबर का असतात हे शोधत बसले तर कळलं की १८६९ साली स्टॅनली कंपनीने लेनर्ड बेली नावाच्या माणसाचे रंध्याचे पेटंट विकत घेतले आणि त्या वेळची नंबरांची पद्धत आजतागायत सगळे वापरतायत, ४ म्हणजे गुळगुळीत करायचा, ५ जरा लांब, ७ म्हणजे चांगला बावीस इंची धूड. हे सगळं मला पाठ झालं. रंधा मात्र चालेना. फळीवर घातला की टवके उडायचे नाहीतर नुसताच घासत जायचा, खरकन, आणि फळीवर ओरखडे.

आमच्या ओळखीत एक सुतारकाका आहेत, आता काम सोडलंय त्यांनी, पण हात शिवशिवतात म्हणून कधीमधी येऊन बसतात. त्यांनी तो रंधा हातात घेतला, उलटा करून तळ बघितला, आणि हसायलाच लागले.

"ताई, पान उलटं घातलंय की हो."

मी पान, म्हणजे रंध्यातलं पातं, तासलेली बाजू वर ठेवून बसवलं होतं, कारण पटाशी आपण तशी धरतो म्हणून मला ते बरोबर दिसलं. या प्रकारच्या रंध्यात पान ४५ अंशांत झुकलेलं असतं आणि तासलेली बाजू खाली असते. दोन महिने मी उलट्या पानाने लाकडाशी भांडत होते. काकांनी पान काढलं, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, आणि परत हसले. "आणि ही धार आहे का? यानं तर लोणीपण कापणार नाही."

नवीन विकत आणलेलं पातं धारदार असतं हा माझा ठाम समज होता. नसतं. कारखान्यातून ते फक्त घासून येतं, त्याची पाठ, म्हणजे सपाट बाजू, नीट बघितली तर यंत्राच्या बारीक रेघा असतात, आणि धार म्हणजे शेवटी दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ, त्यातला एक जरी खडबडीत असला तर धार करवतीसारखी दातेरी होते. मग मी जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि सुरुवात केली. २२० नंबरवर पाठ सपाट करायची, मग ४००, ८००, १०००, २०००. पहिल्या पटाशीची पाठ सपाट करायला मला दोन संध्याकाळ लागल्या, सहा पटाशा होत्या, तेव्हा कळलं की सेट घेणं हा मूर्खपणा होता, आजही त्यातल्या तीनच वापरते.

पुढची बाजू साधारण २५ अंशांत घासायची आणि अगदी टोकाला ३० अंशांत बारीक पट्टी काढायची, म्हणजे दर वेळी सगळा लोखंडाचा डोंगर घासावा लागत नाही, फक्त ती टोकाची पट्टी ताजी करायची. पण खरी मेख अंशांत नाहीये. धारेच्या मागच्या बाजूला बोटाने आडवं चाचपलं की एक सूक्ष्म काठ लागतो, बर म्हणतात त्याला, तो पूर्ण रुंदीभर लागेपर्यंत पुढच्या कागदावर जायचंच नाही. मी काय करायचे, दहा वेळा घासायचं, मग पुढचा कागद, दहा वेळा, पुढचा कागद. शाळेत पाढे म्हटल्यासारखं. धार टोकापर्यंत पोचलीच नव्हती आणि मी तिला २००० नंबरने चमकवत होते. बर लागायला लागली त्या दिवसापासून चित्र पालटलं. शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट लावून दहापंधरा वेळा मागे ओढायची, मागेच, पुढे ढकललं तर चामडं कापलं जातं (हो, कापलं).

त्या दिवशी रंधा फळीवर घातला आणि वेगळाच आवाज आला. खरखर नाही, रेशमी कापड फाडावं तसा. तोंडातून एक सलग साल बाहेर आली, इतकी पातळ की तिच्यातून खिडकी दिसत होती. मी पंधरा मिनिटं नुसत्या साली काढत बसले आणि चांगली वीस मिलिमीटरची फळी चौदावर आणली. त्या फळीचं काही झालं नाही पुढे.

असो. टेबल.

लेकीसाठी अभ्यासाचं टेबल, चार पाय, वर फळ्या जोडलेला पाट, समोर एक खण. सागवान वापरायचं ठरवलं आणि नवशिकीने सागवान घ्यावं का याचं उत्तर मला आता माहितीये. लाकूड देखणं, टिकाऊ, पण त्यात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा ना, त्यामुळे धार भराभर उतरते. वर ते तेलकट, ग्लू लावायच्या आधी सांधा ताजा तासलेला हवा. पण घेतलं तर घेतलं.

पाय आणि आडव्या पट्ट्यांचं काम पटकन सांगते कारण त्यात सांगण्यासारखं एवढंच की चार पायांपैकी एका पायाला मी खाच भलत्याच बाजूला पाडली. पाय जोडीजोडीने आरशातल्यासारखे असतात, डावा उजवा, आणि मी तीन डावे आणि एक उजवा केला. तेव्हापासून लाकूड हातात आलं की आधी सगळे तुकडे एकत्र धरून त्यांच्या डोक्यावर पेन्सिलने मोठा त्रिकोण काढते, तो त्रिकोण पुन्हा जुळला तर तुकडे जागेवर आहेत. ती चुकीची खाच लाकडाचा तुकडा ठोकून बुजवली, ती टेबलाच्या मागच्या पायाला आहे, भिंतीकडे, कोणी बघत नाही. मी बघते.

ग्लू लावायचा दिवस मात्र विसरणार नाही. आठ सांधे, पांढरा ग्लू, जो लावल्यावर हाताशी पाच ते दहा मिनिटं असतात. मी आधी कोरडं जुळवून बघायला हवं होतं, सगळे क्लॅम्प कुठे येणार, कुठला आधी, कुठला नंतर, हे ठरवायला हवं होतं. त्याऐवजी मी शेवटच्या सांध्याला पोचेपर्यंत पहिला धरायला लागला होता, नवरा एक क्लॅम्प धरून उभा आणि विचारतोय "घट्ट करू का सैल?", आणि मी कर्णांची मापं घेतेय. चौकट काटकोनात आहे का हे गुण्यापेक्षा कर्णांवरून चटकन कळतं, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. माझ्यात सहा मिलिमीटरचा फरक. क्लॅम्प जरा तिरका लावला, लांब कर्णाच्या दिशेने, आवळला, आणि चौकट कुरकुरत सरळ झाली. नशीब. बाहेर आलेला ग्लू घाईत ओल्या फडक्याने पुसला आणि तो लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसला, हे तेल लावल्यावर फिकट डागांच्या रूपाने कळलं.

आता खण.

खण म्हणजे पाच तुकडे. दर्शनी फळी, दोन बाजू, मागची फळी, तळ. काकांचं मत होतं, "चार चुका ठोका आणि मोकळ्या व्हा, खण काय कोणी उलटा करून बघतं का." चुका म्हणजे बारीक खिळे हो, माझ्या चुका त्यात धरल्या नव्हत्या. पण मला डव्हटेलच करायचे होते, तेही पुढून न दिसणारे, दर्शनी फळीत अर्धवट जाणारे. कबुतराच्या शेपटीसारखा पसरट आकार, एका बाजूने ओढला तर निसटू शकत नाही, आणि खणाला आयुष्यभर ओढच बसणार असते, म्हणून तो सांधा तिथे शोभतो. उतार साधारण आठास एक ठेवला.

मी ओढून कापायची जपानी करवत वापरते. तिचं पातं ओढताना ताणलं जातं त्यामुळे ते अगदी पातळ असलं तरी चालतं आणि काप बारीक होतो. पण करवत कितीही चांगली असली तरी रेघेच्या कुठल्या बाजूने कापायचं हे ती सांगत नाही. पहिल्या दोन सांध्यांत मी रेघेवरच कापलं, म्हणजे रेघ गेली, म्हणजे अर्धा मिलिमीटर गेला, आणि सांध्यात फटी. पेन्सिलची रेघ स्वतःच जाड असते हा भाग वेगळा. मग सुरीने रेघ मारायला लागले, आणि टाकायच्या भागावर ठळक फुल्या. फुलीच्या बाजूला कापायचं. इतकी साधी गोष्ट, पण मी फुल्या मारल्या नाहीत असा प्रत्येक तुकडा वाया गेलाय, हे मी वहीत मोजलंय.

तर असा तो पहिला खण, फटींत भुसा आणि ग्लू भरलेला पण फुस्स आवाज करणारा, तीन महिन्यांनी अडकला. पावसाचे दिवस सुरू झाले होते.

ठोकून ठोकून मागून बाहेर काढला. फुगलाय हे उघड होतं. मी दोन्ही बाजूंच्या फळ्या बाहेरून रंध्याने तासल्या, प्रत्येकी मिलिमीटरभर, आत घातला, अडकला. परत तासल्या. आता खण डावीउजवीकडे चांगला खडखडायला लागला, बोट जाईल एवढी फट, आणि तरीही अडकतोय. मी खरंच रडकुंडीला आले. फट दिसतेय डोळ्यांना आणि खण हलत नाही म्हणजे काय?

काका आले, चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही भलतीकडंच तासलंय. वरखाली अडकतोय तो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी चार ठिकाणी वाचलं होतं, मला परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. त्यातल्या रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे फळीच्या रुंदीत वाढतं. खणाच्या बाजूच्या फळीत रेषा पुढून मागे जातात, म्हणजे तिची रुंदी ही खणाची उंची झाली. दमट हवेत वाढली ती उंची. आणि खण ज्या चौकटीत बसतो तिचे पाय उभ्या रेषेचे, त्यांची लांबी काही वाढत नाही, म्हणजे दार तेवढंच राहिलं आणि आत जाणारा माणूस जाड झाला. डावीउजवीकडची मापं मात्र दर्शनी फळीच्या लांबीवर ठरतात, ती जशीच्या तशी होती, आणि मी नेमकी तीच बाजू तासत बसले.

नंतर मी ओलावा मोजायचं छोटं मीटर आणलं, दोन टोचण्यांचं. कोरड्या दिवसांत माझं सागवान दहाच्या आसपास दाखवायचं, पावसात चौदा. हिशोब करून बघितला. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत सागवान वर्षवलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आटतं आणि त्याला काटकोनात, गाभ्याकडून सालीकडे, २.५ टक्के. हे आटणं ओलावा तीसेक टक्क्यांच्या खाली आला की सुरू होतं, म्हणजे ओलाव्याच्या एका टक्क्याला ढोबळ ०.२ टक्के. चार टक्के ओलावा वाढला तर शंभर मिलिमीटरची फळी पाऊण मिलिमीटरने रुंद होणार. मी उंचीत फट ठेवली होती कागदाएवढी. तो फुस्स आवाज म्हणजे पुढच्या संकटाची शिट्टी होती, आणि मी ती पाहुण्यांना ऐकवत होते. सागवान तर यात शांत लाकूड मानलं जातं, इतर कित्येक जाती याहून जास्त हलतात.

पहिला खण बाद झाला. दुसरा केला, पावसातच, आणि या वेळी हुरूप येऊन तळही सबंध लाकडाचा केला, पहिल्यात प्लायचा होता. तळ चारी बाजूंनी खोबणीत ग्लू लावून पक्का केला. पाऊस गेला, हवा कोरडी झाली, आणि एका रात्री टक् असा आवाज झाला. सकाळी बघते तर तळाला मधोमध लांबलचक चीर, तिच्यातून पेन्सिली खाली पडतायत. तळ आटत होता आणि मी त्याला चारही बाजूंनी बांधून ठेवलं होतं, मग तो मधून फाटला. काका म्हणाले, "आधी फुगला म्हणून रडला, आता आटला म्हणून रडताय." प्लायला असं होत नाही कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. सबंध लाकडाचा तळ करायचा तर त्याच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवायच्या, म्हणजे तो पुढेमागे हलेल, ग्लू लावायचाच असेल तर फक्त पुढच्या काठाला, आणि मागे एक लांबट खाच करून तिच्यात स्क्रू, म्हणजे स्क्रू धरूनही ठेवतो आणि सरकूही देतो. मागची फळी खालून थोडी आखूड ठेवायची म्हणजे तळ तिच्या खालून मागे सरकू शकतो.

तिसरा खण राउटरने खाल्ला, म्हणजे खोबणी पाडायच्या मशीनने. दुसऱ्याच्या खोबणी मी हातानेच पटाशीने केल्या होत्या, फार वेळ गेला, म्हणून या वेळी राउटर. बाजूच्या फळीला तळासाठी सहा मिलिमीटरची खोबण पाडत होते, गाइड, म्हणजे फळीच्या कडेला टेकून चालणारी पट्टी, लावून. राउटरचं बिट, म्हणजे त्याचं फिरणारं पातं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, त्यामुळे एका दिशेने ढकललं तर ते गाइडला लाकडाकडे खेचतं आणि उलट दिशेने ढकललं तर लाकडापासून दूर लोटतं. मी उलट दिशेने ढकललं. एका क्षणात खोबण नदीसारखी वळली आणि शेपटीच्या मधून बाहेर पडली. सगळं व्हायला एक सेकंदही लागला नाही आणि हाताला जो झटका बसला तो संध्याकाळपर्यंत जाणवत होता. त्यानंतर आठवडाभर राउटरला हात लावला नाही. आता एका वेळी दोन मिलिमीटर खोल, तीन फेऱ्यांत, आणि चालू करायच्या आधी बंद मशीन हवेतच त्या दिशेने फिरवून बघते. येडपट दिसतं, दिसू दे.

याच खणात अजून एक गंमत होती जी राउटरने आधीच वाया घालवल्यामुळे कळूनही उपयोग नव्हता. दर्शनी फळीतली खोबण मी सांध्याच्या भलत्या भागातून नेली होती, तर तिचं भोक फळीच्या टोकाला बाहेर दिसत होतं. खोबण नेहमी सगळ्यात खालच्या शेपटीच्या खाचेतून गेली पाहिजे, मग भोक त्या शेपटीमागे झाकलं जातं. हे कागदावर आखलं असतं तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या त्या सांगते, खणाशी संबंध थोडाच आहे. एक म्हणजे खोकला. सागवानाचा भुसा मला बाधत होता, डोळे चुरचुरायचे, मनगटावर पुरळ. मी नाकाला रुमाल बांधायचे आणि काळजी घेतेय असं समजायचे. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, हे वाचल्यावर रुमाल गेला आणि नीट बसणारा मास्क आला. जमिनीवर पडलेला भुसा एवढा वाईट नाही, जी दिसत नाही, उन्हाच्या तिरिपेत तरंगते, ती धूळ वाईट. घासकाम झाल्यावर लगेच मास्क काढायचा नाही हेही त्यातच आलं. कानाला मफ राउटरमुळे आले, काका म्हणतात, ताई तुम्ही आता विमान चालवायला निघाल्यासारख्या दिसता.

दुसरी गोष्ट फडक्याची. टेबलाला जवसाचं तेल लावलं होतं, सुकायला लवकर म्हणून उकळलेलं म्हणून मिळतं ते. काम झाल्यावर फडकी गोळा करून कोपऱ्यातल्या खोक्यात टाकली. दोनेक तासांनी काहीतरी शोधताना हात लागला तर गोळा कोमट. ऊन नाही, जवळ काही चालू नाही, आणि फडकं कोमट. हे तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असलं तर ती निघून जाते, चुरगळून ठेवलं तर आत साठत जाते आणि आपोआप पेट घेऊ शकतं. त्या रात्री वाचत बसले. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला फेब्रुवारी १९९१ मध्ये लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली होती, तीन अग्निशमन जवान त्यात गेले. आता माझी फडकी बाहेर दोरीवर एकेरी वाळतात, कडक झाली की मगच टाकायची.

चौथा खण. या वेळी मी घाई केली नाही असं म्हणणार होते पण खरं म्हणजे कंटाळा आला होता, त्यामुळे आपोआपच सावकाश झालं. बाजूंच्या फळ्या चौकटीशेजारी तीन आठवडे तशाच उभ्या ठेवल्या, खोलीच्या हवेला सरावू दे म्हणून. मग दर्शनी फळी आधी एकटीच तोंडात बसवून बघितली. मग प्रत्येक बाजू सुटी, आत सरकवून बघितली. हे काकांनी शिकवलेलं, खण जोडल्यावर तासण्यापेक्षा तुकडे सुटे असताना एकेक पोचवायचा. मीटर अकरा दाखवत होतं, म्हणजे अजून तीनेक टक्के वाढ यायची आहे, म्हणून उंचीत जवळपास एक मिलिमीटर सोडला. डोळ्याला तो एक मिलिमीटर अगदी दरी दिसतो, हात शिवशिवतो की जरा कमी सोडू. नाही सोडला कमी. डावीउजवीकडे मात्र घट्टच ठेवलं, तिथे काही वाढणार नाही. आणि आतल्या दोन्ही मार्गदर्शक पट्ट्या मागच्या टोकाला अर्धा मिलिमीटर दूर लावल्या, म्हणजे खण जसजसा आत जातो तसा मोकळा होतो, मागे आवळत नाही.

जोडल्यावर तरीही एका ठिकाणी घासत होता. कुठे ते कळेना. तर बाजूंवर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघोट्या मारायच्या, खण चारपाच वेळा आतबाहेर करायचा, जिथली पेन्सिल पुसून लाकूड चकाकतंय तिथेच घासतोय. तेवढ्यावर रंध्याचा एक हात, परत रेघोट्या. सहा वेळा केलं. शेवटी कडांना मेणबत्ती घासली. आतून तेल अजिबात लावलं नाही, बंद खणात जवसाच्या तेलाचा वास वर्षानुवर्षं कोंडून राहतो आणि वह्यांना लागतो, आत फक्त लाखेचं पातळ पॉलिश, दोन हात.

तेव्हापासून दोन पावसाळे गेले. ऐन पावसात वरची फट मिलिमीटरच्या पाव भागावर येते, मी जाडी मोजायच्या पातळ पट्ट्या घालून मोजते, लेक म्हणते आई तू माझ्या टेबलाला ताप आल्यासारखी तपासत असतेस. पण उघडतो. फुस्स आवाज येत नाही.

पहिला खण मी टाकला नाही. सांध्यांत भुसा भरलेला, बाजू तासून पातळ झालेल्या, तसाच. माझ्या कामाच्या बाकाखाली दोन पट्ट्या ठोकून तिथे बसवलाय, उंचीत तेवढाच नेटका, मुद्दाम. कोरड्या दिवसांत अलगद सरकतो. हवा दमट व्हायला लागली की आधी कुरकुरतो, मग जड होतो, आणि मीटर चौदाच्या पुढे गेलं की बसतो घट्ट. तो बसला की त्या दिवसांत मी कुठलीही फिटिंग करत नाही, नुसती धार लावते नाहीतर झाडझूड करते. काल संध्याकाळी तो परत बसलाय. आत माझा चांगला गुण्या आहे, तो आता पाऊस संपेपर्यंत तिथेच.